एक्सलचा बूट फाटलाय, वळताना कटकट येतेय: नुसता बूट, जॉइंट की पूर्ण एक्सल बदलू?

कृष्णाकाठ_वाई

नमस्कार मंडळी, जरा सल्ला हवाय. गाडी स्विफ्ट पेट्रोल, २०१३ ची, १ लाख ३४ हजार किमी झालेत. घर वाईत आणि नोकरी पाचगणीला, म्हणजे रोज पसरणी घाट चढायचा आणि संध्याकाळी उतरायचा. पावसाळ्यानंतर उजवीकडच्या मोठ्या वळणाला पुढून कट कट कट असा आवाज यायला लागला, सरळ रस्त्यावर काही नाही. खाली वाकून बघितलं तर डाव्या चाकाच्या आतल्या बाजूला रिमवर काळं ग्रीस उडालेलं आणि एक्सलचा बाहेरचा बूट, म्हणजे जॉइंटवरचं ग्रीस धरून ठेवणारं रबरी आवरण, घडीत फाटलेला.

तीन ठिकाणी दाखवलं आणि तिघांनी तीन गोष्टी सांगितल्या. सर्व्हिस सेंटरवाले म्हणतात डावा ड्राइव्हशाफ्ट (म्हणजे एक्सलच) पूर्ण बदला, लेबर धरून साडेदहा हजार. गावातला मिस्त्री म्हणतो नवीन बूट आणि ग्रीस टाकू, हजार-बाराशेत काम होईल, आवाज राहिला थोडा तरी गाडी चालते. तिसरा म्हणतो माझ्याकडे रिकंडिशन एक्सल आहे, साडेतीन हजार, सहा महिन्यांची तोंडी गॅरंटी.

पैसे घालायला ना नाही पण उगाच चांगला माल काढून टाकायचा नाहीये आणि घाटात गाडीने दगा द्यायलाही नकोय, बरोबर लहान मुलगी असते. शिवाय हायवेला थोडी घूंऽऽ अशी गुणगुण पण येते, ती याचीच का वेगळी ते कळत नाही. ज्यांनी हे काम स्वतः केलंय किंवा करून घेतलंय त्यांनी कृपया सांगा.

पाना_पक्कड_कराड

दादा, गॅरेज आहे माझं, पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांचं हे काम नेहमीचं आहे त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

आधी आवाज कुणाचा ते नक्की करा, कारण एक्सल बदलून घेतला आणि गुणगुण तशीच राहिली अशी गिऱ्हाइकं दुसरीकडून माझ्याकडे येतात. एका बाजूच्या एक्सलला दोन जॉइंट असतात. बाहेरचा, चाकाकडचा, त्यात सहा गोळ्या असतात आणि तो स्टिअरिंगबरोबर वाकतो, तो झिजला की वळताना कटकट करतो. आतला, गिअरबॉक्सकडचा, त्यात तीन रोलर असतात, तो खराब झाला की वळताना आवाज न येता चढाला अ‍ॅक्सिलरेटर दिल्यावर गाडी थरथरते, आणि पाय काढला की थरथर थांबते. तिसरं म्हणजे व्हील बेअरिंग, ते स्पीडबरोबर वाढणारी गुणगुण करतं, आणि हायवेला हलकं डावी-उजवीकडे घेतलं की आवाज कमी-जास्त होतो. तुमच्या वर्णनावरून मला बाहेरचा जॉइंट आणि बेअरिंग अशी दोन वेगळी दुखणी वाटतात.

जॉइंटची टेस्ट सोपी आहे. मोकळं मैदान बघा, शक्यतो एका बाजूला भिंत असलेलं कारण आवाज परत येतो आणि नीट ऐकू येतो, काचा खाली घ्या, स्टिअरिंग पूर्ण उजवीकडे, पहिल्या गिअरमध्ये हळूहळू गोल फिरवा आणि मध्येच थोडा अ‍ॅक्सिलरेटर द्या. मग डावीकडे तसंच. बहुतेक वेळा वळणाच्या बाहेरच्या बाजूचं चाक बोलतं, म्हणजे उजवीकडे वळताना कटकट तर डावा जॉइंट. तुमचा फाटका बूट पण डावाच आहे त्यामुळे जुळतंय.

बेअरिंगसाठी गाडी जॅकवर घ्या, खाली स्टँड लावा, नुसत्या जॅकवर भरवसा नको. चाक वर आणि खाली धरून हलवा, खुळखुळलं तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट. मग एका हाताने चाक जोरात फिरवा आणि दुसऱ्या हाताची बोटं सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर नुसती टेकवा. चांगल्या बेअरिंगला काहीच कळत नाही, खराब असेल तर बोटांना बारीक खरखर लागते. दोन्ही बाजूंना करून बघा म्हणजे फरक कळतो. हायवेला कानाने डावं-उजवं ठरवताना भलेभले चुकतात, पण स्प्रिंगवर हात ठेवून सहसा चुकत नाही. आणि टायर असमान झिजले असतील तरी तशीच गुणगुण येते, तेही बघा.

बेअरिंग निघालं तर त्यात रिपेअर नसतं, ते सीलबंद असतं, बदलायचंच. फक्त बऱ्याच छोट्या गाड्यांत ते नकलमध्ये, म्हणजे चाक ज्याला बसतं त्या लोखंडी भागात, दाबून बसवलेलं असतं, ते प्रेसवरच बसवायचं आणि दाब बाहेरच्या रिंगवर द्यायचा. हातोड्याने ठोकून बसवलं किंवा आतल्या रिंगवर दाब दिला तर नवीन बेअरिंग बसवतानाच मेलं म्हणून समजा.

आता तुमचा मूळ प्रश्न. बूट फाटला एवढ्यावरून एक्सल बदलायचा नसतो, आणि आवाज आल्यावर नुसता बूट बदलायचा नसतो. मिस्त्री म्हणतोय ते आवाज नसता तर बरोबर होतं. बूट फाटल्याचं वेळेत लक्षात आलं, ग्रीस अजून स्वच्छ आहे, वळताना काही ऐकू येत नाही, तर जॉइंट उघडून धुवायचा, नवीन ग्रीस, नवीन बूट आणि पुढे जायचं, चांगलं काम केलं तर तो जॉइंट बरीच वर्षं जातो. पण एकदा कटकट सुरू झाली म्हणजे आतल्या खाचा खाल्ल्या गेल्यात, ग्रीस भरून आवाज थोडे दिवस दबेल पण धातू परत येत नाही.

एक_चाकणकर

पाना_पक्कड दादांचं अगदी बरोबर आहे, त्यात थोडी भर घालते. मी चाकणला ड्राइव्हशाफ्टचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात हीट ट्रीटमेंटला काम करते.

जॉइंटच्या कपाच्या आत ज्या सहा खाचा असतात त्यांचा फक्त वरचा थर कडक केलेला असतो, इंडक्शनने क्षणभर तापवून लगेच थंड केलेला. आतला गाभा मुद्दाम मऊ ठेवतात म्हणजे धक्का सहन होतो. बूट फाटला की ग्रीस बाहेर फेकलं जातं आणि धूळ-पाणी आत येतं, मग उरलेलं ग्रीस व्हॉल्व्ह घासायच्या पेस्टसारखं काम करायला लागतं. कडक थराचे टवके उडाले की खालचा मऊ धातू उघडा पडतो आणि तिथून झीज फार वेगाने होते, म्हणून आधी दोन महिने आवाज नव्हता आणि आता दोन आठवड्यांत वाढला असं लोक म्हणतात ते खरं असतं.

यामुळेच खाचा लेथवर घासून साफ करून देतो, वेल्डिंगने भरून देतो, असं कुणी म्हणालं तर नाही म्हणा. वेल्डिंगच्या उष्णतेने आजूबाजूचा कडक थर मऊ होतो आणि वेल्डच्या कडेला दांडा ठिसूळ होतो. मोडतो तो तिथेच. एक्सलच्या दांड्याला किंवा स्प्लाइनला (दांड्याच्या टोकावरच्या उभ्या दात्यांना) वेल्डिंग केलेलं मी तर कुणाच्याही गाडीत बसवू देणार नाही.

रिकंडिशनबद्दल: नीट रिकंडिशन करणारे खाचा ग्राइंड करून थोड्या मोठ्या मापाच्या गोळ्या टाकतात, त्याला मशीन लागतं, मोजमाप लागतं. बाजारात या नावाखाली जे मिळतं ते बहुतेक वेळा जुना एक्सल धुतलेला, काळा रंग मारलेला आणि नवीन बूट चढवलेला असतो. तोंडी गॅरंटीवाल्याला एकच विचारा, बूट उघडून आतल्या गोळ्या दाखवतो का. नाही म्हणाला तर तुमचं उत्तर मिळालं.

मिशिगन_मराठी

इकडचा अनुभव सांगतो, कदाचित उपयोग होईल. अमेरिकेत बूट बदलून देणारं गॅरेज शोधावं लागतं, सगळे थेट पूर्ण एक्सलच बदलतात, कारण मजुरी तासावर आणि महाग, बूट बदलायला वेळ जास्त लागतो आणि बाजारातला स्वस्त एक्सल तेवढ्यातच येतो. त्यामुळे कुणी यूट्यूबवर इकडचे व्हिडिओ बघून बूट बदलणं म्हणजे वेडेपणा असं ठरवत असेल तर तो हिशोब इकडचा आहे. वाईत, कराडला मजुरी वेगळी, तिथे चांगला ओरिजिनल एक्सल वाचवण्यात अर्थ आहे.

दुसरी गोष्ट, इकडचे जुने मेकॅनिक हेच सांगतात की गाडीबरोबर आलेला कंपनीचा एक्सल शक्यतो टाकू नका, त्यालाच नवीन बूट घाला, कारण स्वस्त आफ्टरमार्केट (गाडीच्या कंपनीचा नसलेल्या) एक्सलमध्ये गिअरमध्ये ब्रेकवर उभं असताना थरथर, काही महिन्यांत परत आवाज, हे फार. माझ्या गाडीला स्वस्तातला नवीन एक्सल बसवून दिला होता, तो सिग्नलला उभं असताना स्टिअरिंग थरथरवायचा, शेवटी कंपनीचाच आणून बसवला तेव्हा थांबलं. म्हणजे नवीन विरुद्ध जुना एवढंच बघू नका, कुणी बनवलाय ते बघा. भारतात जीकेएन, एनटीएन यांचा माल किंवा मारुतीचा जेन्युइन मिळत असेल तर त्याच्या खाली उतरू नका.

गाडीला एबीएस असेल तर अजून एक. काही गाड्यांत स्पीड सेन्सरची दातेरी रिंग बाहेरच्या जॉइंटवरच असते. नवीन भागावर ती नसली किंवा दाते वेगळे असले तर मीटरवर एबीएसचा दिवा लागतो आणि परत सगळं उघडावं लागतं. जुना-नवा शेजारी ठेवून लांबी, स्प्लाइनचे दाते आणि ही रिंग, तिन्ही जुळवूनच बसवा. डावा-उजवा वेगळा, पेट्रोल-डिझेल वेगळा, त्यामुळे दुकानात चेसिस नंबर देऊन पार्ट नंबर काढून घ्या.

रत्नागिरी_टेम्पो

मध्येच विचारतो, माझी मागच्या चाकांवर चालणारी पिकअप आहे, मागच्या एक्सलच्या सीलमधून ऑइल गळून ब्रेकच्या शूवर येतं. सील बदललं, परत गळलं. मिस्त्री म्हणतो दांड्यावर सीलच्या ओठाने चर पडलाय, पूर्ण दांडा बदला. दुसरा म्हणतो चर वेल्डिंगने भरून लेथ मारून देतो. वरची ताईंची पोस्ट वाचून वेल्डिंगची भीती वाटायला लागली. आणि पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीवाल्यांना एवढी काळजी का, एक्सल तुटला तर गाडी उभी राहते एवढंच ना?

पाना_पक्कड_कराड

नाही हो, एवढंच नाही, आणि हे घाटवाल्यांनी नीट वाचा. पुढच्या एका बाजूचा एक्सल तुटला किंवा जॉइंट निखळला की डिफरन्शियल (दोन्ही चाकांना जोर वाटून देणारा गिअरचा संच) सगळा जोर त्या मोकळ्या बाजूला फिरवतो, गाडी ओढत नाही हे तर झालंच, पण इंजिनचा ब्रेकही जातो. म्हणजे उतारावर तुम्ही दुसऱ्या गिअरमध्ये आहात आणि तरी गाडी न्यूट्रलसारखी सुटते, सगळा भार पायातल्या ब्रेकवर. शिवाय मोकळा झालेला दांडा गरागरा फिरून ब्रेकच्या पाइपला लागू शकतो. रोज पसरणी उतरणाऱ्याने म्हणून कटकट वाढायची वाट बघू नये. आज कटकट आली म्हणजे उद्याच तुटतो असं नसतं, लोक कितीतरी दिवस तसेच फिरतात, पण उद्या का नाही हे कुणी सांगू शकत नाही.

तुमच्या पिकअपचं, मागचा एक्सल दोन प्रकारचा असतो. ट्रकसारखा फुल फ्लोटिंग असेल तर वजन एक्सलच्या घरावर, म्हणजे दांड्याबाहेरच्या नळीवर असतं, दांडा फक्त फिरवायचं काम करतो, तुटला तरी चाक जागेवर राहतं. सेमी फ्लोटिंग असेल तर त्याच दांड्यावर गाडीचं वजनही असतं, आणि बेअरिंगच्या बाहेर तुटला तर चाकासकट बाहेर येतो. म्हणून तिथे वेल्डिंग अजिबात नको.

पण चर फक्त सीलच्या जागी असेल आणि बेअरिंगची जागा, स्प्लाइन चांगली असेल तर दांडा बदलायचीही गरज नाही. त्यावर चढवायची पातळ स्टीलची बाही मिळते, एसकेएफची स्पीडी स्लीव्ह म्हणून विचारा, दांड्याचा व्यास कॅलिपरने चर नसलेल्या जागी मोजून न्या. ती दाबून बसवली की सीलला नवीन गुळगुळीत जागा मिळते आणि बाही इतकी पातळ असते की सील त्याच मापाचं चालतं. बेअरिंगची जागाच सैल झाली असेल, म्हणजे बेअरिंग हाताने सरकतंय, तर मात्र दांडा नवीनच. आणि एक्सल घराचं हवेचं भोक, ब्रीदर, मातीने बुजलं नाही ना ते आधी बघा, ते बुजलं की आत दाब वाढतो आणि चांगलं सीलसुद्धा गळतं, कोकणातल्या लाल चिखलात हे नेहमी होतं. ब्रेक शू ऑइलने भिजलेत ते पेट्रोलने धुवून परत वापरू नका, बदला.

एक_चाकणकर

बाही बसवताना सोबत मिळणाऱ्या टोपीनेच ठोकायची, नुसत्या हातोडीने ती वाकते. बाकी दादांनी सांगितलंच आहे.

कृष्णाकाठ_वाई

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं तर तिघांपैकी कुणीच सांगितलं नव्हतं. रविवारी गावातल्या मिस्त्रीकडे स्वतः उभा राहून उघडून घेतलं. स्प्रिंगवर हात ठेवून बघितलं, डावीकडे काही नाही, उजवीकडे स्पष्ट खरखर, म्हणजे गुणगुण उजव्या बेअरिंगची निघाली, आणि मी इतके दिवस तीही डाव्या एक्सलचीच धरून चाललो होतो.

डावा बाहेरचा जॉइंट रॉकेलमध्ये धुतला, सहापैकी दोन खाचांत खड्डे आहेत, नख अडकतं, एका गोळीवर पण टवका. आतला जॉइंट चांगला, ग्रीस स्वच्छ, पण मिस्त्री म्हणतो तो आत-बाहेर सरकतोय म्हणजे तोही गेला. उजव्या एक्सलचा बाहेरचा बूट फाटला नाहीये पण घड्यांमध्ये चिरा आहेत. आता डावीकडे फक्त बाहेरचा जॉइंट घेऊ का पूर्ण ड्राइव्हशाफ्ट? पुण्याला नाना पेठेत जाणार आहे, तिथे काय मागू? आणि जुन्या बाजारातला कंपनीचा वापरलेला एक्सल मिळाला तर?

पाना_पक्कड_कराड

आतला जॉइंट आत-बाहेर सरकतो ते त्याचं कामच आहे, चाक वर-खाली होताना एक्सलची लांबी कमी-जास्त व्हावी लागते, ती तिथून होते. मिस्त्रीला सांगा सरकणं बघू नको, तिन्ही रोलर हाताने फिरवून बघ, अडकत नाहीत ना, आणि ज्या खाचेत ते पळतात तिथे बोट फिरवून खड्डा लागतो का ते बघ. गुळगुळीत असेल तर तो जॉइंट उत्तम आहे, हात लावू नका.

नख अडकतंय आणि गोळीचा टवका गेलाय म्हणजे डावा बाहेरचा जॉइंट बाद, त्यात दोन मतं नाहीत. दांड्याच्या बाहेरच्या टोकाची स्प्लाइन आणि सर्क्लिपची (जॉइंट दांड्यावर अडकवून ठेवणाऱ्या गोल क्लिपची) खाच बघा. दाते सरळ आणि धारदार असतील, नवीन जॉइंट चढवल्यावर हाताने खेळत नसेल, तर फक्त बाहेरच्या जॉइंटचं किट घ्या, पूर्ण ड्राइव्हशाफ्टची गरज नाही. किटमध्ये जॉइंट, बूट, ग्रीसचं पाकीट, दोन क्लिपा, सर्क्लिप आणि चाकाचा नट येतो का बघा, नट नसेल तर वेगळा घ्या, पंच करून बसवलेला नट परत वापरायचा नाही. दाते झिजलेले दिसले तर मात्र पूर्ण असेंब्ली, तिथे पैसे वाचवू नका.

वापरलेला एक्सल म्हणाल तर कंपनीचा, कमी चाललेल्या गाडीचा, बूट शाबूत असलेला, असा मिळाला तर अनोळखी नवीन मालापेक्षा मी तो पसंत करेन. पण तिथेच बूट मागे करून बघू देत असतील तरच. जॉइंट वाकवून सगळ्या बाजूंनी फिरवा, सगळीकडे सारखाच जड लागला पाहिजे, मध्येच हलका किंवा अडखळता नको. आणि अपघातातल्या गाडीचा दांडा सपाट काचेवर लोळवून बघा, वाकलेला लगेच कळतो.

उजवीकडे तुम्हाला तसंही बेअरिंगसाठी नकल काढायची आहे, म्हणजे एक्सल मोकळा होणारच आहे, तर त्याच वेळी उजवा बूट बदलून घ्या. आता तो जॉइंट चांगला आहे आणि बूटाच्या पैशात वाचतोय, सहा महिन्यांनी तोच जॉइंट घ्यावा लागेल. ग्रीस किटमधलंच, काळं मॉलिब्डेनमवालं, पूर्ण पाकीट, साधं चेसिस ग्रीस नको. क्लिपा चिमट्याने दाबायच्या स्टीलच्याच, प्लॅस्टिकचे केबल टाय लावून पाठवतात ते उष्णतेने सैल होतात आणि ग्रीस गळायला लागतं. उभे चिरलेले, चिकटवून जोडायचे बूट मिळतात, ते गाडी घरी आणण्यापुरते ठीक.

मिस्त्रीला दोन गोष्टी आधीच सांगून ठेवा. एक्सल गिअरबॉक्समधून काढताना दांडा धरून ओढायचा नाही, तसं केलं तर आतले रोलर बूटातल्या बूटात निसटतात, जॉइंटच्या मागे टॉमी (लोखंडी पहार) घालून हलकं उचकटायचं आणि सीलला धक्का लागू द्यायचा नाही. सील निघालंच आहे तर नवीन घाला, स्वस्त असतं. बसवताना टक असा आवाज येऊन क्लिप बसली पाहिजे, मग जॉइंट धरून हलकं बाहेर ओढून बघायचं, नाही आला म्हणजे बसला. दुसरं, चाकाचा नट टॉर्क रेंचने मॅन्युअलमधल्या आकड्यालाच घट्ट करायचा, इंपॅक्ट गनने भर्रकन नाही, कारण बेअरिंगचा ताण त्या नटावर ठरतो, आणि तुम्ही तर नवीन बेअरिंग टाकताय. नट घट्ट होईपर्यंत गाडी चाकावर ढकलू पण नका.

स्ट्रटचे (स्प्रिंग-शॉकअप असलेल्या खांबाचे) बोल्ट सोडले असतील तर अलाइनमेंट करून घ्या, खालचा बॉल जॉइंट सोडून काम झालं असेल तर सहसा लागत नाही. एक्सल काढताना गिअर ऑइल सांडतं, तेवढंच परत भरून भागवू नका, १ लाख ३४ हजार झालेत आणि ऑइल कधी बदललं आठवत नसेल तर सगळं काढून नवीन टाका, लेव्हल गाडी सपाट असताना बघायची, एका बाजूने जॅकवर असताना नाही.

नाना पेठेत बिल घ्या, डब्यावरचा पार्ट नंबर घरून लिहून नेलेल्याशी जुळवा, आणि जुना जॉइंट पिशवीत घालून सोबत न्या, दुकानदाराला दाते मोजून दाखवायला सांगा.